चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रिया आणि रात्रीची दृष्टी

लॅसिक, पीआरके, स्माईल किंवा आयसीएल करून घेतलेल्या काहींना अंधार पडल्यावर दिव्यांभोवती खळे दिसते, दिव्यातून ताऱ्यासारखी किरणे फुटतात किंवा डोळे दिपतात. चंद्राला पडते तसेच हे खळे. फक्त ते आभाळात नसून डोळ्यात तयार होते. याला रातांधळेपणा म्हणू नये. रातांधळेपणात दृष्टिपटलाच्या दंडपेशी अधू होतात. इथे त्या शाबूत असतात, प्रकाश मात्र एका जागी नीट जुळत नाही.

भर उजेडात बाहुली दोन-तीन मि.मी. असते, अंधारात सहा-सात आणि तरुणांत कधी आठ मि.मी.पर्यंत फाकते. लेसरने पूर्ण सुधारलेला कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, मधला भाग साधारण ६ ते ६.५ मि.मी. रुंद असतो. त्याच्या कडेवरून आत शिरलेले किरण मधल्या किरणांच्या जागी पोहोचत नाहीत. शिवाय नैसर्गिक कॉर्निया मध्ये फुगीर आणि कडेला चपटा असतो. मायनस नंबर काढताना नेमका मधला भाग चपटा करावा लागतो, म्हणून नंबर जितका मोठा तितकी ही विकृती अधिक. बाहुली मोठी म्हणजे त्रास होणारच, असे मात्र नाही. उरलेला थोडासा नंबर आणि कोरडे पडलेले डोळेही तितकेच कारणीभूत ठरतात.

१९७०च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी रूढ केलेल्या नंबर घालवण्याच्या पद्धतीत कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे चिरे देत. त्या व्रणांवर विखुरलेला प्रकाश रुग्णांना रात्री ताऱ्यासारखा दिसे. आयसीएलमध्ये कॉर्निया न तासता डोळ्यात भिंग बसवतात, पण त्या भिंगाची कड आणि नव्या भिंगांतले मधले छिद्र यांमुळे काहींना प्रकाशाचे कडे दिसते. मोतीबिंदू काढल्यावर बसवल्या जाणाऱ्या मल्टीफोकल भिंगात तर प्रकाश मुद्दामच वाटला जातो. तिथले खळे हा बिघाड नसून रचनेची किंमत आहे.

अमेरिकेत लॅसिकवर झालेल्या ‘प्राउल’ या दोन अभ्यासांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी काहीही त्रास नसलेल्यांपैकी ४३ आणि ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी नवा त्रास नोंदवला, त्यात खळ्याची तक्रार सर्वाधिक. रोजची कामे फार अडलेले एक टक्क्याहून कमी होते, आणि चष्म्यातून पूर्वीच खळे दिसणाऱ्या अनेकांचे ते उलट कमी झाले.

दवाखान्यातला तक्ता पांढऱ्यावर काळा असतो. त्यावर ६/६ वाचणाऱ्यालाही पावसाळी रात्री, समोरून अप्पर लावून ट्रक येत असताना, डांबराच्या कडेने चालणारा गडद कपड्यांतला माणूस उशिरा दिसू शकतो. तक्त्याला न सापडणारी ही उणीव फिक्या-गडद छटांमधला सूक्ष्म फरक ओळखण्याच्या, म्हणजे कॉन्ट्रास्टच्या, चाचणीत सापडते. रात्री गाडी चालवणाऱ्याने ती चाचणी आणि अंधारातल्या बाहुलीचे मोजमाप शस्त्रक्रियेआधीच मागून घ्यावे.

बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. एरवी कोरडेपणावर थेंब, उरलेल्या नंबरासाठी रात्रीपुरता चष्मा, तर कधी बाहुली किंचित आकुंचित ठेवणारे ब्रिमोनिडिनचे थेंब देतात.