चितेगावच्या रंगीत टीव्हीचं कूळ

केदारखेडा हे जालना-भोकरदन रस्त्यावरचं, पूर्णेच्या काठचं गाव. या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना टीव्हीचा अँटेना कुठल्या दिशेला फिरवायचा हे कुणी शिकवावं लागलं नाही. पश्चिमेला, म्हैसमाळच्या डोंगराकडे. तिथे दूरदर्शनचा उंच मनोरा आहे. लोखंडी पाइपावर चढवलेला अॅल्युमिनियमचा अँटेना त्या दिशेला धरला की पडद्यावरच्या मुंग्या कमी व्हायच्या. छपरावर एक जण, दारात एक जण, टीव्हीपुढे एक जण आणि "आलं का?" "आलं, आलं… गेलं!" हा संवाद मराठवाड्याच्या एका आख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे.

त्याच काळात, त्याच मराठवाड्यात, रंगीत टीव्ही नुसता बघितला जात नव्हता, तो बनतही होता. व्हिडिओकॉन कंपनीचा पत्ता होता '१४ कि.मी. स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव'. मैलाच्या दगडावरून ओळखला जाणारा हा कारखाना जुने रंगीत टीव्ही जमवणाऱ्यांच्या आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. इथे जुळलेल्या संचाचं कूळ शोधत मागे गेलं, तर माणूस प्रिन्स्टन आणि हॅनोव्हरच्या प्रयोगशाळांत पोहोचतो. आणि पुढे आलं, तर ज्या अमेरिकी कंपनीने रंगीत पिक्चर ट्यूब घडवली, तिच्याकडून चालत आलेला ट्यूबचा धंदा शेवटी मराठवाड्यातल्या याच कंपनीच्या हाती आलेला दिसतो.

पडद्यावर रंग आणण्याची खटपट टीव्हीइतकीच जुनी आहे. जॉन लोगी बेअर्ड याने लंडनमध्ये ३ जुलै १९२८ रोजी रंगीत चित्र दाखवलं होतं, पण ते भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीच्या जोरावर. तबकडीच्या वाटेने घरोघरी टीव्ही जाणार नव्हता. खरी युक्ती जर्मनीत वेर्नर फ्लेक्सिग याने १९३८ साली कागदावर मांडली: काचेच्या पडद्यामागे एक जाळी बसवायची आणि तीन बाजूंनी येणारे तीन इलेक्ट्रॉन झोत त्या जाळीतून अशा बेताने सोडायचे, की प्रत्येक झोत आपापल्या रंगाच्या जागेवरच पडेल. कल्पना चोख होती. ती प्रत्यक्षात उतरायला मात्र बारा वर्षं लागली.

ती उतरवली अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने. १९४९ च्या शरदात कंपनीचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ याने प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतल्या माणसांना हातातली बाकीची कामं बाजूला ठेवायला लावली, आणि मार्च १९५० मध्ये वॉशिंग्टनला शॅडो मास्कची, म्हणजे अशा जाळीची, ट्यूब लोकांपुढे आली. सगळ्यात अवघड प्रश्न लाखो ठिपके नेमक्या जागी बसवण्याचा होता. हॅरॉल्ड लॉ या संशोधकाने तो फार सुंदर रीतीने सोडवला. ज्या जागेवरून इलेक्ट्रॉनचा झोत येणार, नेमक्या त्याच जागी त्याने दिवा ठेवला. जाळीच्या भोकांतून जाणारा उजेड जिथे पडला, तिथेच त्या रंगाचा ठिपका उमटवला. मग दिवा सरकवून दुसरा रंग, पुन्हा सरकवून तिसरा. उजेड सरळ रेषेत जातो एवढ्या एका गोष्टीवर पुढची पन्नास वर्षं जगभरचे कारखाने चालले.

१९५४ साली आरसीएने बाजारात आणलेल्या पहिल्या रंगीत संचाच्या ट्यूबमध्ये १ लाख ९५ हजार भोकं आणि ५ लाख ८५ हजार ठिपके होते. संचाची किंमत होती हजार डॉलर. जाळीचा एक मोठा तोटा होता. सुटलेल्या इलेक्ट्रॉनांतले बहुतेक जाळीवरच अडायचे आणि पडद्यापर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचायचा. म्हणून रंगीत ट्यूबला २०-२५ हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. पुढे १९६४ च्या सुमाराला युरोपियम या दुर्मीळ मूलद्रव्याचा वापर करून झळझळीत लाल रंग मिळाला. त्याआधी लाल इतका मंद होता, की त्याच्याशी जमवून घेण्यासाठी हिरवा आणि निळाही दाबून ठेवावे लागत.

भारतातल्या संचांचं आजोळ मात्र जर्मनीत. अमेरिकी पद्धतीत प्रक्षेपणाच्या वाटेवर रंगाची छटा घसरायची आणि माणसाचा चेहरा कधी हिरवट, कधी जांभळा दिसायचा. हॅनोव्हरच्या टेलिफुंकनमध्ये वाल्टर ब्रुख याने तोड काढली: चित्राच्या एका ओळीतला रंगाचा संदेश सरळ पाठवायचा, पुढच्या ओळीतला उलटा. दोन्हींची सरासरी घेतली की चूक आपोआप कटते. हीच पॅल पद्धत. २५ ऑगस्ट १९६७ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी बटण दाबलं आणि पश्चिम जर्मनीत ती सुरू झाली.

सरासरी काढायची तर आधीची ओळ थोडा वेळ कुठेतरी थांबवून ठेवायला हवी. किती वेळ? एका ओळीचा, म्हणजे ६४ मायक्रोसेकंद. जुन्या रंगीत संचाची चासी बाहेर काढली, तर तिच्यावर काडेपेटीपेक्षाही चपटी, प्लॅस्टिकच्या कवचातली एक वडी दिसते. कवच उघडलं की आत काचेचा तुकडा असतो. रंगाचा विद्युतसंदेश या काचेत शिरताना ध्वनीच्या कंपनांत बदलतो, काचेच्या कडांवर आपटत आपटत आतल्या आत फिरतो आणि बरोबर एका ओळीचा उशीर करून पुन्हा वीज होऊन बाहेर पडतो. मेकॅनिक तिला 'डिले लाईन' म्हणतात. ही वडी हातात घेतल्यावर जुन्या संचाला नुसतं भंगार म्हणवत नाही.

भारतात रंग आला तो एका मराठी मंत्र्याच्या आग्रहाने. वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. गरीब देशाला रंगीत टीव्ही ही चैन परवडायची नाही, असं म्हणणारे संसदेत होते, वर्तमानपत्रांत होते आणि सरकारातही होते. साठे हटले नाहीत. कृष्णधवल यंत्रसामग्री जगात कालबाह्य होत चालली आहे, तिच्यावर पुन्हा खर्च करणं हाच अपव्यय, अशी त्यांची बाजू होती. आज मागे वळून पाहता त्यांचंच बरोबर ठरलं, असं म्हणावं लागतं. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लाल किल्ल्यावरचा स्वातंत्र्यदिनाचा सोहळा रंगात दिसला आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडने रंगीत टीव्हीची हवा देशभर केली. त्या निमित्ताने परदेशी संचांना आणि सुट्या भागांना आयातीची वाट मोकळी झाली.

खेड्यापर्यंत चित्र पोहोचायला मात्र उपग्रह लागणार होता. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सुटला आणि सप्टेंबरातच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून गेलेल्या इन्सॅट-१बीने काम फत्ते केलं. १९८४ साली तर देशात जवळपास रोज एक या वेगाने लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहत होती. गावात तोवर बहुधा कृष्णधवल संचच असे, आणि त्याच्या काचेवर वर निळी, खाली हिरवी अशी प्लॅस्टिकची रंगीत काच बसवून हौस भागवली जाई. आकाश निळं, शेत हिरवं. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळही निळं.

या हौसेच्या बाजारात नेल्को, ओनिडा, बीपीएल, वेस्टन, डायनोरा, क्राऊन अशी कितीतरी नावं उतरली. औरंगाबादेतून (आजच्या छत्रपती संभाजीनगरातून) उतरलं व्हिडिओकॉन. ऊस-कापसाच्या व्यवहारातल्या धूत घराण्याने जपानच्या तोशिबाशी तंत्रसहकार्य करून १९८० च्या दशकाच्या मध्याला रंगीत संच बनवायला घेतले. चितेगावच्या आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली कारखान्यात लागली, सर्किट बोर्डावर सुटे भाग टोचायला आणि सोल्डर मारायला शिकली. जानेवारी १९८७ मध्ये रविवार सकाळची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि ज्यांना झेपलं त्यांनी रंगीत संच घेतला. या भागात धातुकामाची आणि साखर कारखान्यांची परंपरा होती, इलेक्ट्रॉनिक्सची नव्हती. ती या एका वस्तूने आणली, हे मराठवाड्याने विसरू नये.

आता कुळाचा शेवटचा धागा. आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली आणि वर्षभरातच तिचा टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनला दिला. त्यात पिक्चर ट्यूबही गेल्या. २००५ साली थॉमसनने चीन, पोलंड, मेक्सिको आणि इटलीतल्या कारखान्यांसह हा ट्यूबचा धंदा विकला. घेणारी कंपनी होती व्हिडिओकॉन, आणि व्यवहार होता सुमारे २४ कोटी युरोंचा. सार्नॉफच्या हट्टातून जन्मलेल्या ट्यूबचा वारसा असा पैठण रस्त्यावरच्या कंपनीकडे आला. वेळ मात्र चुकली होती. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात पहिल्यांदाच एलसीडी संचांनी ट्यूबच्या संचांना विक्रीत मागे टाकलं. युरोपातले कारखाने बंद पडले आणि २०१८ मध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

मागे उरले ते संच. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, पोत्याखाली. त्यातला एखादा पुन्हा चालू करणं हे कष्टाचं काम आहे, आणि पहिला नियम असा की तो थेट प्लगमध्ये घालायचा नाही. आधी मागचं झाकण काढून ब्रशने धूळ झाडायची, पालींची अंडी आणि मुंग्यांची वारुळं काढायची, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या. फुगलेले कंडेन्सर काढायचे. ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांपाशी सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडलेली असते, तिला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. तिथे पुन्हा डाग दिला की निम्मे संच बोलू लागतात. पहिली वीज नेहमी सिरीज बल्बमधून द्यावी. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुधा लाईन आउटपुटचा बीयू २०८ ट्रान्झिस्टर गेलेला. तो आज बाजारात मिळतो, पण बनावट फार. बनावट ट्रान्झिस्टर तासाभरात उडतो.

ट्यूबच्या अंगावर काचेत खुपसलेली रबरी टोपी दिसते, तिथे संच बंद असतानाही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ज्याला ते सुरक्षितपणे उतरवता येत नाही, त्याने झाकणच उघडू नये. जाणकार मेकॅनिकशेजारी बसून शिकण्याचं हे काम आहे.

पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग दिसला, तर बरेच जण ट्यूब गेली असं समजून संच टाकून देतात. तो डाग असतो चुंबकत्वाचा. शेजारी ठेवलेल्या स्पीकरमुळे आतली लोखंडी जाळी भारली जाते आणि झोत शेजारच्या ठिपक्यावर पडतो. तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं विजेला जोडून पडद्यापुढे हळूहळू फिरवत, तसंच फिरवत चार पावलं मागे यायचं आणि मग बंद करायचं. पडद्यावर रंगांच्या लाटा उसळतात, मंदावतात आणि डाग जातो. बघणारा प्रत्येक जण "पुन्हा करा" म्हणतो.

ट्यूबच डिम झाली असेल तर गोष्ट कठीण. एके काळी आपल्याकडे ट्यूब रिगन करणारी दुकानं होती. ट्यूबची मान कापून नवी गन बसवायची, पुन्हा हवा काढून काच बंद करायची. अमेरिकेतही हे काम करणारे कारखाने एकेक करून मिटले. आयोवातल्या शेवटच्या कारखान्याची यंत्रं ओहायोतल्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमच्या मंडळींनी विद्या बुडू नये म्हणून नेली. त्यामुळे आपल्याकडे आज ज्या संचाची ट्यूब चांगली आहे, तो संच बाकी सगळा मेलेला असला तरी जपण्यासारखा आहे.

राहता राहिलं चित्र. दूरदर्शनची जमिनीवरची अॅनालॉग केंद्रं २०२१ च्या ऑक्टोबरअखेर, मोजकी सोडता, बंद झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यावर तोड अशी: फ्री डिशच्या बॉक्सची पिवळी तार एका छोट्या आरएफ मॉड्युलेटरमध्ये घालायची आणि त्याची केबल जुन्या संचाच्या अँटेनाच्या तोंडात. संचाचं ट्यूनिंगचं चाक हळूहळू फिरवलं की पन्नास फिल्ड्सची ती ओळखीची थरथर घेऊन चित्र येतं. सपाट पडद्यावर जुन्या मालिका पाहिलेल्याने त्याच मालिका एकदा ट्यूबवर पाहाव्यात. त्या याच काचेसाठी चित्रित झाल्या होत्या, त्यांचे रंग इथेच खरे दिसतात.

भंगारात गेलेल्या संचाची मान सगळ्यात आधी मोडली जाते, कारण तिच्यावरच्या योकमध्ये, म्हणजे झोत वळवणाऱ्या वेटोळ्यांत, तांबं असतं. त्या पाव-अर्धा किलो तांब्यासाठी ट्यूब कायमची मरते आणि शिसं असलेली काच उकिरड्यावर पडते. घरात जुना रंगीत संच असेल, तर तो विकण्याआधी मागच्या पाटीवरचं नाव, मॉडेल आणि क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, आतला सर्किटचा कागद जपून ठेवा. गावात जुना टीव्ही मेकॅनिक असेल, तर त्याला माहीत आहे ते त्याच्याकडून उतरवून घ्या. आणि छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने चितेगावला बनलेल्या चालत्या संचांसाठी एक खोली द्यावी. संच अजून मिळतात, दुरुस्त करणारे हातही अजून आहेत. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही मिळणं अवघड होईल.