भयाचा धनी कोण? : निजण्यापूर्वीच्या चित्रपुस्तकांचा एक ऐतिहासिक विचार

लहान मुलांना निजवताना वाचून दाखवायच्या चित्रपुस्तकांत राक्षस, भुते आणि हिंस्र श्वापदे यांना आज हक्काचे स्थान आहे. निजायला मन शांत लागते आणि भयाने तर ते अस्वस्थ होते; मग या दोहोंची सांगड कशी बसली? सर्वसाधारणपणे असे सांगितले जाते, की एकोणिसाव्या शतकातील धाकाचे बालसाहित्य विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या प्रभावाने सौम्य झाले. या उत्तराची मर्यादा दाखवणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ही पुस्तके सौम्य वाटतात ती भयाची मात्रा घटल्यामुळे नव्हे. कथेत भयावरचा अधिकार कोणाकडे आहे, यावर त्यांची सौम्यता अवलंबून असते. हा निकष स्वीकारल्यास हा इतिहास युरोप-अमेरिकेतील छापील पुस्तकांपुरता मर्यादित राहत नाही.

फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता पद्ये आणि चित्रे यांची एक वही तयार केली. १८४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘स्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने जगभर गाजली. तीत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने छाटतो आणि काड्यांशी खेळणारी मुलगी जळून राख होते. यातील अतिशयोक्तीला विनोदाची छटा आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि कथेची घडण पाहण्याजोगी आहे. आई बजावते, बाहेर जाते आणि तिची पाठ वळताच शिंपी अवतरतो. येथे भय हे आज्ञेचे हत्यार आहे आणि मुलाला परतीची वाट नाही.

मॉरिस सेंडक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) या पुस्तकात हीच घडण उलटलेली दिसते. लांडग्याचा पोशाख घालून धुडगूस घालणाऱ्या मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते. त्याच्या खोलीत अरण्य उगवते, होडीतून तो श्वापदांच्या मुलखात पोहोचतो, त्यांचा राजा होतो आणि अखेर स्वेच्छेने परततो. खोलीत त्याचे जेवण वाढून ठेवलेले असते आणि ते अजून गरम असते. कथेचा हा आशय चित्रांच्या मांडणीतही उतरला आहे. आरंभी चित्र लहान असून भोवती रुंद पांढरा समास आहे. मॅक्सचा आवेग वाढतो तसतसा समास आक्रसत जातो. ऐन धुमाकुळात समोरासमोरच्या पानांच्या तीन जोड्यांवर एकही शब्द नाही. परतीच्या वाटेवर चित्र पुन्हा लहान होते आणि अखेरच्या पानावर केवळ शब्द उरतात. त्या शब्दहीन पानांवर वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला थांबावे लागते आणि चित्र वाचण्याचे काम मुलाकडे येते. अधिकाराचे हे हस्तांतरण पुस्तकाच्या रूपबंधातच घडते.

या श्वापदांचा उगम सेंडक यांनी स्वतः सांगितला आहे. ब्रुकलिनच्या घरी येणारे, पोलंडमधून स्थलांतरित झालेले ज्यू नातेवाईक गाल ओढत आणि लाडाने खाऊन टाकण्याची भाषा करत. आपल्याकडील आत्या-मावश्यांनाही ही भाषा परकी नाही. म्हणजे हा राक्षस बाहेरून आलेला नसून मायेचाच अतिरेक आहे. १९६४ मध्ये या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. १९६९ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी पुस्तक न वाचताच त्यावर टीका केली. त्यांचा मुख्य आक्षेप आईने मुलाला उपाशी ठेवण्यावर होता. शिक्षेतले भय श्वापदांच्या भयाहून गडद असते, याचीच ही अप्रत्यक्ष कबुली म्हणता येईल.

मराठी घरात ही दोन्ही भये पूर्वापार शेजारी नांदत आली आहेत. बागुलबुवा हा निव्वळ धाक आहे. त्याला निश्चित रूप नाही आणि कथाही नाही. मोठ्यांनी हाक मारली की तो येतो. याउलट भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतील वाघाला कथा आहे, आणि म्हणूनच त्याला चुकवताही येते. बंगालीत हीच कथा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या ‘टुनटुनीर बोई’ (१९१०) या पुस्तकात येते. तेथे पोक आलेली म्हातारी नातीकडे जाते आणि दुध्याच्या पोकळ खोळीत बसून परतते. ज्युलिया डोनाल्डसन आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांच्या ‘द ग्रफेलो’ (१९९९) मधील उंदीरही केवळ बोलण्याच्या बळावर बलाढ्यांना हटवतो. त्या कथेचे मूळ वाघाचा दरारा उसना घेणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी कथेत आहे. दुर्बलाच्या हाती भयाची सूत्रे देणारी कथा आधुनिक मानसशास्त्राच्या कितीतरी आधीपासून आशियात सांगितली जात होती, हे यावरून स्पष्ट होते.

अर्थात मौखिक कथा आणि चित्रपुस्तक यांत भेद आहे. आजीच्या गोष्टीतला वाघ ऐकणाऱ्याला पेलवेल एवढाच मोठा होतो. चित्रातला वाघ सर्वांसाठी एकच ठरतो. आजीला मुलाचा चेहरा पाहून आवाज उतरवता येतो. पुस्तकाला ते काम समास, रंग आणि पान उलटण्याची लय यांच्याकडून करून घ्यावे लागते. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांच्या ‘ठाकुरमार झुली’ (१९०७) या संग्रहाच्या प्रस्तावनेत रवींद्रनाथांनी आजीची झोळीही विलायती गिरणीतून येऊ लागल्याची खंत व्यक्त केली होती. ती खंत केवळ स्वदेशीची नव्हती. आवाज हरवण्याचीही होती.

भाषांतराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. अशा पुस्तकातील श्वापदासाठी मराठीत ‘बागुलबुवा’ हा शब्द योजला, तर तो ओळखीचा आणि गोड वाटेल. परंतु त्या एका शब्दासरशी भय पुन्हा मोठ्यांच्या मालकीचे होईल आणि मॅक्सचा मुकुट काढून घेतला जाईल. भाषांतरकाराने शब्द शोधायचा तो धाकाच्या बोलीत नव्हे, म्हातारीच्या गोष्टीत.