गाढवाचा शाप : मिसरांत आणि कोकणांत

महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हें गांव लागतें. त्या वाटेस लागण्यापूर्वीं महाडजवळच गांधारपालें येथील बौद्ध लेणीं दिसतात. तेथील एका लेखांत कुमार काणभोज विष्णुपालित यानें लेणें, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि दोहों अंगांस पाण्याचीं दोन टांकीं दिल्याची नोंद आहे. दात्यानें दान सांगितलें आणि तो थांबला. दान मोडणाऱ्याला त्यानें कोणताही शाप दिलेला नाहीं.

सुमारें हजार वर्षांनंतर, शिलाहारांच्या अमदानींत, याच उत्तर कोकणांत दानलेखांचें स्वरूप पालटलेलें दिसतें. शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारांत किंवा गांवच्या शिवेवर उभी शिळा रोंवूं लागले. शिळेच्या माथ्यावर सूर्य व चंद्र, बहुधा मध्यें कलश, त्याखालीं लेख, आणि सर्वांत खालीं स्त्री व गाढव यांचें बीभत्स चित्र. यासच गद्धेगाळ म्हणतात. सूर्यचंद्र म्हणजे ते आकाशांत आहेत तोंवर हें दान चालावें, अशी इच्छा. आणि खालचें चित्र म्हणजे जो तें मोडील त्याच्या मातेची ती गति व्हावी, अशी शिवी.

परळ येथें सांपडलेला अपरादित्याचा शिलालेख शके ११०८, म्हणजे इ. स. ११८७ चा आहे. त्यांत दानाचा मजकूर संस्कृतांत असून शाप मात्र मराठींत आहे. यांतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. दान शास्त्रोक्त व्हावें म्हणून संस्कृत. पण धाक बसावा तो शेजारच्या शेतकऱ्याला, वसुलीच्या अधिकाऱ्याला, पुढें येणाऱ्या राजाच्या कारभाऱ्याला. त्यांना कळेल अशीच भाषा शापाला हवी. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्यासाठीं चित्र होतेंच. राजा मरे, राज्य बुडे, साक्षीदार उरत नसत. मग दानाची राखण कोणी करावी? ती कोरलेल्या शब्दाकडे सोंपविलेली होती.

शब्दाकडे राखण सोंपविण्याची ही रीत मिसर देशांत फार पुरातन आहे. तेथील लोक ‘हेका’ नांवाची एक शक्ति मानीत. सृष्टिकर्त्यानें जग निर्माण केलें तें तिच्याच बळावर, अशी त्यांची श्रद्धा होती. लिहिलेलें अक्षर त्यांच्या लेखीं सजीव होतें. म्हणूनच कांहीं थडग्यांच्या भिंतींवर साप, सिंह अशीं घातक चिन्हें मुद्दाम तोडून काढलेलीं आढळतात. मृताला त्यांनीं दंश करूं नये. शत्रूंचीं नांवें मडक्यांवर लिहून तीं मडकीं फोडून पुरीत. मगरींवर पाय देऊन उभ्या असलेल्या बाल होरसाची शिळा मंत्रांनीं भरलेली असे. तिच्यावरून ओघळलेलें पाणी विंचू वा सर्प चावलेल्या माणसाला पाजीत, म्हणजे मंत्रच त्याच्या पोटांत जाई.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे गाढवाचा शाप मिसरांतही होता. अकराव्या रामसेसच्या कारकीर्दींतील, इ. स. पूर्व ११०० च्या सुमाराच्या, एका दत्तकपत्राच्या साक्षींत तो आला आहे. आणि पुढें बाविसाव्या राजवंशाच्या काळांत देवळांना जमिनी दिल्याच्या शिळांवर तो कोरलेला सांपडतो. गाढव हें सेत या उग्र देवतेचें जनावर मानलें जाई. दान मोडणाऱ्यावर, त्याच्या बायकोवर गाढव पडो, असा त्याचा आशय. हे शाप आणि परळचा लेख यांत दोन हजार वर्षांचें अंतर आहे. एकानें दुसऱ्यापासून तो घेतल्याचा पुरावा नाहीं. परंतु प्रसंग एकच होता : देवाची जमीन, दूरचें सरकार आणि उद्यांचा लोभी माणूस. कुलाच्या अब्रूवर घाव घालणारें वचन दोन्ही देशांना सारखेंच सुचलें.

मात्र एक भेद विसरतां येत नाहीं. मिसरी शापांत अपराधी स्वतः सांपडतो, आणि त्याबरोबर त्याची बायको. कोकणच्या शिळेवर अपराधी दिसतच नाहीं; दिसते ती त्याची माता. जमीन बळकावणार पुत्र, आणि विटंबना जिनें कांहींच केलें नाहीं तिची. पुण्यकर्माच्या रक्षणासाठीं स्त्रीची अब्रू वेठीस धरण्याची ही चाल त्या समाजाबद्दल दानाच्या मजकुराहून अधिक सांगून जाते.

आज या शिळांचा अर्थ बहुतेक ठिकाणीं लोपला आहे. कोठें त्यांना शेंदूर फांसून देव केलें जातें, तर कोठें अभद्र म्हणून उलथून टाकलें जातें. परंतु त्यांच्यावरच राजांचीं नांवें, शकाचे आंकडे, गांवांचीं जुनीं रूपें आणि मराठीचे आरंभींचे शब्द कोरलेले आहेत. जी शिळा दानाची राखण करण्यासाठीं उभी केली, तिची राखण आतां गांवानेंच केली पाहिजे. आणि ती शापाच्या भयानें नव्हे, तर तिच्यावरील अक्षर ओळखून.