हरण्या : केळीवर मावा दिसत नाही, तरी रोग पसरतो कसा?

जळगाव : मृगबाग लावून दीड-दोन महिने होतात, ढगाळ हवा लागते, पावसाची रिपरिप सुरू होते आणि रावेर, यावल भागातल्या बागांत पानांवर पिवळे पट्टे उठतात. पान आखडतं, पोंगा सडतो. शेतकरी याला ‘हरण्या’ म्हणतात. शास्त्रीय नाव कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. एकदा रोपात शिरला की त्यावर औषध नाही.

दर आठवड्याला फवारलं तरी रोग थांबत नाही, ही तक्रार जुनीच. कारण माव्याच्या सोंडेत आहे.

ही सोंड केसापेक्षा बारीक. रोगट पानात टोचली की काही सेकंदांतच विषाणू तिच्या आत चिकटतो. पोटात जात नाही. विषाणूचं कवच प्रथिनाचं, म्हणजे प्रोटीनचं, आणि किडीच्या अंगच्या काही प्रथिनांशी ते कुलूप-किल्लीसारखं जुळतं. चीनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये पीचवरच्या माव्यात ‘एमपीसीपी4’ नावाचं असं प्रथिन दाखवलं. ते कमी केलं तेव्हा मावा सीएमव्ही कमी उचलू लागला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये सोंडेच्या टोकातलं ‘स्टायलिन-01’ सापडलं. ते फुलकोबीच्या विषाणूला धरतं. हे सगळं अजून प्रयोगशाळेतलं काम आहे. दुकानात कुणी ‘व्हायरसची बाटली’ पुढे केली तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.

विषाणूही कमी लबाड नाही. अमेरिकेत 2010 मध्ये भोपळावर्गीय पिकावर दिसलं, की रोगट झाडाचा वास माव्याला ओढून घेतो, पण रस बेचव लागतो. मावा एक घोट घेतो आणि उडतो. विषाणूला तेच हवं असतं. कपाशी, काकडीवरचा मावा केळीवर वस्ती करत नाही, नुसता टोचून जातो. कीटकनाशकानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं.

पांढऱ्या माशीचं वेगळं. टोमॅटोचा पर्णगुच्छ तिच्यामुळे पसरतो. तिथे विषाणू पोटातून रक्तात जातो. माशीच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंचं ‘ग्रोईएल’ प्रथिन त्याला सांभाळतं, मग तो कित्येक दिवस टिकतो. विषाणू घ्यायला-द्यायला माशीला जास्त वेळ बसावं लागतं, म्हणून तिथे पिवळे चिकट सापळे आणि वेळेवरची फवारणी कामी येते.

केळीत मात्र खरा उपाय उपटण्याचाच, आणि तोच जिवावर येतो. पट्टे दिसलेलं रोप आठ दिवस ‘बघू’ म्हणून ठेवलं की शेजारची ओळ गेलीच समजा. आधी मावा मारायची फवारणी, मग कंदासकट उपटून बांधाबाहेर गाडायचं किंवा जाळायचं. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, गिलकी, मिरची, टोमॅटो, चवळी नको, तणही काढायचं. रोगट बागेतलं पील लावायचं नाही. टिश्यूकल्चर रोपं घेताना विषाणू तपासणीचा दाखला मागायचा, आणि पानांवरच्या पट्ट्यांबद्दल शंका असेल तर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारायचं.