दुय्यम नायकांचा दरबार : एका हसऱ्या कार्टून मालिकेमागचा सत्तर वर्षांचा इतिहास

१/ १४ नोव्हेंबर २००८. अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर 'बॅटमॅन : द ब्रेव्ह अँड द बोल्ड' ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये 'द डार्क नाइट' प्रदर्शित झाला होता. बॅटमॅन म्हणजे अंधार, बॅटमॅन म्हणजे वेदना, हे समीकरण प्रेक्षकांच्या मनात पक्के बसले होते. अशा वेळी पडद्यावर आला एक रुंद छातीचा, रुबाबदार, कोरड्या आवाजात विनोद करणारा बॅटमॅन. त्याच्या बरोबर निळे चिलखत घातलेला एक गोंधळलेला शाळकरी मुलगा होता. पहिल्या भागाच्या शीर्षकात गौरव होता तोही त्या मुलाचाच : 'द राइज ऑफ द ब्लू बीटल!'

२/ तीन पर्वे आणि ६५ भाग चाललेल्या या मालिकेची रचना ठरलेली होती. शीर्षकगीताआधी एक छोटी पूर्वकथा, त्यानंतर मुख्य कथा, आणि जवळजवळ दर वेळी बॅटमॅनच्या सोबतीला कोणीतरी निराळा. अ‍ॅक्वामॅन, प्लास्टिक मॅन, रेड टॉर्नेडो, ग्रीन अ‍ॅरो, वाइल्डकॅट, कामांडी, एवढेच नव्हे तर डिटेक्टिव्ह चिंप नावाचा गुप्तहेर चिंपांझीसुद्धा. मालिका बॅटमॅनच्या नावाची होती, पण चाहत्यांचा जीव जडला तो या सोबत्यांवर. हे प्रेम वरवर पाहता पोरकट वाटते. त्याचा माग काढत गेले की मात्र एका जुन्या अन्यायाच्या दारात येऊन थांबावे लागते.

३/ आरंभ १९४० च्या हिवाळ्यात. 'ऑल-स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' अवतरली. सुपरहिरोंचा हा पहिला संघ. त्याचा नियम मोठा विलक्षण होता. सुपरमॅन आणि बॅटमॅन हे केवळ मानद सदस्य, आणि ज्या नायकाला स्वतःच्या नावाचे मासिक मिळेल त्याने संघातली जागा रिकामी करायची. फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न यांना याच नियमाने काही काळ बाहेर जावे लागले. म्हणजे सुपरहिरोंची पहिली पंगत मांडली गेली तीच मुळी ज्यांना स्वतंत्र पाट मिळाला नव्हता अशांसाठी.

४/ ही पंगत १९५१ मध्ये उठली. युद्धानंतर सुपरहिरोंची मागणी ओसरली होती, 'ऑल-स्टार कॉमिक्स'चे रूपांतर काउबॉय-कथांच्या मासिकात झाले. हॉकमन, डॉक्टर फेट, अ‍ॅटम ही नावे बाजारातून दिसेनाशी झाली. पण लहानपणी ते अंक वाचलेला एक वाचक त्यांना विसरायला तयार नव्हता. त्याचे नाव जेरी बेल्स. पुढे हा गृहस्थ डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. जुने अंक मिळवणे, लेखक गार्डनर फॉक्स यांच्याशी पत्रव्यवहार करणे, प्रकाशकांकडे या नायकांच्या पुनरागमनाचा आग्रह धरणे, हे त्याने वर्षानुवर्षे केले.

५/ दरम्यान १९५४ उजाडले. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने कॉमिक मुलांना बिघडवते असा गदारोळ उठवला, अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. पन्नाशीच्या दशकातला बॅटमॅन परग्रहांवर हिंडतो, चित्रविचित्र यंत्रांशी झुंजतो, तो काही अंशी या भीतीमुळे. १९५९ मध्ये त्याच्या कथांत 'बॅट-माइट' शिरला. हा दुसऱ्या मितीतला, बॅटमॅनचा वेष केलेला बुटका. त्याचा धंदा एकच, बॅटमॅनवर निस्सीम भक्ती करणे. चाहता हेच पात्र झाले!

६/ याच काळात, १९५५ मध्ये, 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' हे मासिक निघाले. सुरुवातीला त्यात सरदार आणि व्हायकिंग वीरांच्या कथा असत. मग ते नव्या कल्पना पारखून पाहण्याचे अंगण बनले. १९६० मध्ये २८ व्या अंकात 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' जन्मली, ती जुन्या जस्टिस सोसायटीचीच नवी आवृत्ती. पुढे दोन नायकांनी मिळून एक कथा लढवायची ही पद्धत आली. १९६५ मध्ये ५९ व्या अंकात बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न एकत्र आले, आणि लवकरच बॅटमॅन या मासिकाचा कायमचा यजमान झाला. पाहुणा तेवढा बदलत राहिला. हा क्रम १९८३ मध्ये, २०० व्या अंकापर्यंत चालला.

७/ या अंकांचे प्रमुख लेखक बॉब हेनी आणि सत्तरच्या दशकातले प्रमुख चित्रकार जिम अपारो. हेनींना पात्रांच्या वंशावळीचे आणि कालगणनेचे फारसे सोयरसुतक नव्हते. कथेला हवा तो नायक त्यांनी बोलावला, हवे ते त्याच्याकडून करवून घेतले. काटेकोर वाचक कपाळाला हात लावत. पण ज्या पात्रांना वर्षभरात एक पानही मिळाले नसते, त्यांना या अंकांत बॅटमॅनच्या बरोबरीने मुखपृष्ठ मिळाले. २००८ च्या मालिकेने नाव या मासिकाकडून घेतले, आणि पाहुणचाराची रीतही.

८/ १९६६ मध्ये अ‍ॅडम वेस्ट यांची दूरचित्रवाणी मालिका आली. रंगीत, खट्याळ, अफाट लोकप्रिय. १२० भागांनंतर १९६८ मध्ये ती संपली, आणि कट्टर वाचकांच्या मनात एक लाज ठेवून गेली : आपला नायक जगाला हास्यास्पद वाटतो. पुढच्या पिढीने त्या लाजेवर उतारा म्हणून गांभीर्य आणले. १९८६ मध्ये 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि 'वॉचमेन' यांनी सुपरहिरोकथेचा सूरच बदलला. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. अ‍ॅलन मूर यांनी 'वॉचमेन'ची मूळ कल्पना रचली होती ती चार्लटन या लहान प्रकाशनसंस्थेच्या दुय्यम नायकांवर, आणि त्यांतला एक होता ब्लू बीटल. गांभीर्यालाही कच्चा माल पुरवला तो मागच्या रांगेतल्यांनीच.

९/ ब्लू बीटलचे चरित्र म्हणजे दुय्यमपणाचा छोटासा इतिहासच. १९३९ मध्ये फॉक्स या प्रकाशनाकडे डॅन गॅरेट या नावाने जन्म, मग चार्लटनकडे हस्तांतर, १९६६ मध्ये स्टीव्ह डिट्को यांच्या हातून टेड कॉर्ड हा नवा अवतार, १९८३ मध्ये डीसीकडे विक्री, आणि २००६ मध्ये एल पासो शहरातला हायमे रेयेस हा तिसरा वारसदार. मालिकेने ही परंपरा लपवली नाही. एका भागात हायमेला आपल्या आधीच्या टेड कॉर्डची कहाणी कळते. टेडकडे कोणतीही दैवी शक्ती नव्हती, फक्त बुद्धी आणि धैर्य होते, आणि लोकांना वाचवताना त्याने प्राण दिला होता. हसऱ्या मालिकेतला हा भाग मुलांना वारसा या शब्दाचा अर्थ शिकवून जातो.

१०/ अ‍ॅक्वामॅनचा जन्म १९४१ चा, 'मोर फन कॉमिक्स'च्या ७३ व्या अंकातला. त्याच अंकात ग्रीन अ‍ॅरोही जन्मला. १९७३ च्या 'सुपर फ्रेंड्स' या कार्टूनने अ‍ॅक्वामॅनला घराघरांत नेले, पण माशांशी बोलणारा नायक म्हणून तो पुढे थट्टेचा विषय झाला. २००८ च्या मालिकेचे निर्माते जेम्स टकर आणि मायकेल जेलेनिक यांनी या थट्टेला आडवळणाने उत्तर दिले. त्यांचा अ‍ॅक्वामॅन दाढीवाला, दिलदार, आपल्याच पराक्रमांना भारदस्त शीर्षके देणारा, आणि जॉन डिमॅजिओ यांच्या गडगडाटी आवाजात 'आउटरेजस!' म्हणून गर्जणारा आहे. लोक त्याला हसतात याची त्याला गंधवार्ताही नाही. त्यामुळे प्रेक्षक त्याला हसण्याऐवजी त्याच्याबरोबर हसू लागले. त्याचा दोषही प्रेमळ आहे : कपटी भावावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो.

११/ मात्र या पाहुण्यांचा भूतकाळ निष्कलंक होता असे नाही. १९६७ मध्ये हेनी आणि माइक सेकोव्स्की यांनी 'ब्वाना बीस्ट' निर्मिला. आफ्रिकेतल्या प्राण्यांवर सत्ता चालवणारा हा गोरा नायक, आणि 'ब्वाना' म्हणजे स्वाहिलीत 'मालक'. वसाहतवादी दृष्टी त्याच्या नावातच आहे. दुसरीकडे व्हिक्सन ही आफ्रिकी नायिका. डीसीने कृष्णवर्णीय नायिकेचे स्वतंत्र मासिक योजले ते तिच्यासाठी, पण १९७८ च्या मोठ्या कपातीत ते निघण्याआधीच रद्द झाले आणि वाचकांसमोर यायला तिला १९८१ पर्यंत थांबावे लागले. मालिकेत ही दोघे एकत्र येतात, आणि स्टारोच्या आक्रमणाच्या कथेत ब्वाना बीस्ट जग वाचवण्यासाठी मरण पत्करतो. मालिकेने त्याला मोठेपण दिले, त्याच्या नावाचा हिशेब मात्र मांडला नाही. प्रेमाने केलेल्या इतिहासालाही अशा आंधळ्या जागा असतात.

१२/ आता वाइल्डकॅट. १९४२ मध्ये 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आलेला हा मुष्टियोद्धा. मालिकेत तो उतारवयाला लागला आहे, शरीर थकले आहे, पण रिंग सोडवत नाही. बॅटमॅन त्याचा जुना शिष्य, आणि गुरूच्या काळजीपोटी त्याला थांबवू पाहणारा. वाइल्डकॅटचे निर्माते दोन : चित्रकार अर्विन हेसन आणि लेखक बिल फिंगर. फिंगर हे नाव इथे ठळकपणे वाचायला हवे.

१३/ कारण १९३९ मध्ये बॉब केन यांनी बॅटमॅनचे पहिले रेखाटन केले, तेव्हा त्याला आजचे रूप देण्यात बिल फिंगर यांचा वाटा निर्णायक होता. मुखवटा, झग्याचे रूप, पहिल्या कथा, गॉथम हे शहराचे नाव, हे सारे त्यांच्याकडून आले. करार मात्र केन यांचा होता. त्यामुळे पंचवीस वर्षे बॅटमॅनच्या कथा लिहूनही निर्माता म्हणून फिंगर यांचे नाव कुठेच छापले गेले नाही. बॅटमॅनच्या गुरूला जन्म देणारा माणूस बॅटमॅनच्याच इतिहासात अदृश्य होता.

१४/ त्यांना उजेडात कोणी आणले? पुन्हा तोच जेरी बेल्स. १९६१ मध्ये त्याने रॉय थॉमस या तरुण शिक्षकाच्या साथीने 'अल्टर-एगो' हे चाहत्यांचे नियतकालिक काढले. त्याच सुमारास संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापू लागले होते, त्यामुळे विखुरलेले वाचक एकमेकांना सापडले. संघटित कॉमिकप्रेमाची ही पायाभरणी झाली ती विस्मृतीत गेलेल्या दुय्यम नायकांच्या ओढीतून. १९६५ मध्ये बेल्सने फिंगर यांची भेट घेतली आणि बॅटमॅनच्या निर्मितीतला त्यांचा वाटा लेख लिहून जाहीर केला.

१५/ केन यांनी चाहत्यांना उद्देशून लांबलचक पत्र लिहिले आणि सारे श्रेय आपलेच असल्याचे ठासून सांगितले. १९७४ मध्ये फिंगर वारले, श्रेयाविना. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनी फिंगर यांच्या योगदानाची उशिरा कबुली दिली, पण श्रेयनामावली बदलली नाही. २००८ ते २०११ या काळात, ज्या मालिकेने दर आठवड्याला एका विस्मृत नायकाला दारात बोलावले, तिच्याही नामावलीत बॅटमॅनचा निर्माता म्हणून एकच नाव झळकत राहिले. अखेर २०१५ मध्ये, वारसदारांच्या आणि अभ्यासकांच्या पाठपुराव्यानंतर, 'बिल फिंगर यांच्यासह' हे शब्द जोडले गेले. बेल्स तो दिवस पाहायला नव्हता. २००६ मध्येच त्याचे निधन झाले होते.

१६/ मालिकेचा हसरेपणा म्हणजे उथळपणा नव्हता, याचा पुरावा २०१० मधल्या 'चिल ऑफ द नाइट!' या भागात मिळतो. बॅटमॅन आपल्या आईवडिलांच्या खुन्यासमोर उभा ठाकतो. वडिलांचा आवाज अ‍ॅडम वेस्ट यांचा, आईचा ज्युली न्यूमार यांचा, म्हणजे १९६६ च्या मालिकेतला बॅटमॅन आणि कॅटवुमन. ज्या मालिकेची दोन पिढ्यांनी लाज बाळगली, तिलाच इथे मातापित्यांचे स्थान मिळाले. वारसा नाकारून मोठे होता येत नाही, हे एकाही व्याख्यानाविना सांगितले गेले.

१७/ १८ नोव्हेंबर २०११ चा शेवटचा भाग, 'माइटफॉल!'. कथा पॉल डिनी यांची. त्यात बॅट-माइट या मालिकेला कंटाळतो, त्याला गंभीर बॅटमॅन हवा असतो, म्हणून तो ही मालिका बंद पाडण्याचा घाट घालतो. तो यशस्वी होतो, आणि मग त्याला उमगते की गंभीर जगात त्याच्यासारख्या विनोदी बुटक्याला जागाच नाही. तो विरून जातो. चाहतेपणावरची ही टीका चाहत्यांनीच रचलेली आहे : ज्या खुलेपणाने आपल्याला आत घेतले, त्याचीच लाज वाटू लागली, तर पहिली जागा आपली जाते.

१८/ त्यानंतर २०१८ मध्ये 'अ‍ॅक्वामॅन' चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला. २०२३ मध्ये हायमे रेयेस 'ब्लू बीटल' म्हणून मोठ्या पडद्यावर आला. जस्टिस सोसायटीचा जुना नियम लावला, तर या दोघांनी आता पंगतीतून उठायला हवे. पाट मोकळे झाले आहेत. डिटेक्टिव्ह चिंप अजून वाट पाहतो आहे.

१९/ एका प्राध्यापकाने बालपणीच्या विसरलेल्या नायकांची यादी करायला घेतली, आणि त्या यादीच्या मागे त्याला एक विसरलेला लेखक सापडला. मुखपृष्ठावर कोण आहे हे सगळ्यांनाच दिसते. आतल्या पानांवर राबलेल्या माणसांची नावे शोधायला आधी त्या पानांवर जीव जडावा लागतो.

#इतिहास #कॉमिक्स #थ्रेड