कराची किती दूर?

मुंबईहून कराची किती लांब? आकाशमार्गाने सुमारे ९०० किलोमीटर. थेट जेट विमानाला दीड तास पुरतो.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन सकाळी कराचीहून निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी जुहूला उतरले. सुमारे सात तास लागले. तिथून टपाल पुढे मद्रासकडे गेले. पुढे एअर इंडिया झालेल्या सेवेचा हा आरंभ. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटांनी तशाच लहान विमानातून हीच वाट पुन्हा पार केली. मधल्या काळात फाळणी आणि युद्धे होऊन गेली होती.

माझी खाला लग्न होऊन बोटीने कराचीला गेली. १९६५च्या युद्धानंतर तिचं माहेरपण थांबलं. ती वारल्याचा निरोप फोनवर आला, तेव्हा आई दिवसभर जानमाजवर बसून होती. तिला जाता आलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. दुबईवरून जायचं तर प्रवास ३,००० किलोमीटरांवर जातो. मधला थांबा धरला, तर टाटांच्या त्या चिमुकल्या विमानापेक्षा आपल्यालाच जास्त वेळ लागतो. तोही, व्हिसा मिळाला तर!