पेटी नव्हे, रांजण : ग्रीक कथांतून आलेले वाक्प्रचार



ग्रीक देवदेवता आपणांस फार दूरच्या वाटतात. परंतु कडोलीहून निपाणीमार्गे कोल्हापूर गाठले, तर तेथील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्राँझची लहानशी मूर्ती पाहावयास मिळते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. सातवाहनकालीन व्यापाराबरोबर देव येथवर आला. त्याच्या कथा मात्र आपल्या बोलीत रुजल्या नाहीत. त्या पुढे इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने आल्या, आणि त्याही बहुधा वाक्प्रचारांच्या रूपाने. या प्रवासात त्यांचे काय झाले, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

‘अकिलीसची टाच’ म्हणजे बलवानाचे एकमेव मर्मस्थान. आईने बाळाला टाचेला धरून स्टिक्स नदीत बुडविले. टाच तेवढी कोरडी राहिली. होमरच्या ‘इलियड’मध्ये ही हकीकत नाही. नदीत बुडविल्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी स्टेशिअसच्या काव्यात आढळतो. आपल्याकडेही गांधारीच्या दृष्टीने दुर्योधनाचा देह वज्राचा झाला व मांड्या तेवढ्या उरल्या, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत मात्र ही कथा नाही. म्हणून ती खोटी ठरवून टाकून द्यावी, या मताचा मी नाही. एवढा वीर पडला कसा, हा प्रश्न लोकांना छळत असला पाहिजे. त्यांनी त्याचे उत्तर रचले, आणि दोन्हीकडे ते आईच्या मायेतच शोधले.

‘पँडोराची पेटी उघडणे’ हा वृत्तपत्रांचा लाडका प्रयोग. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास हेसिअडने सांगितलेल्या कथेत पेटी नाहीच! तेथे आहे तो धान्य, तेल, मद्य साठविण्याचा मातीचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच पंडिताने लॅटिनमध्ये कथा सांगताना रांजणाची डबी केली आणि युरोपभर तीच रूढ झाली. आपल्या शेतकऱ्याला मूळ कथाच अधिक उमगेल. घरच्या बेगमीच्या रांजणाचे झाकण निघाले आणि त्यातून रोगराई व कष्ट जगभर पसरले.

झाकण पुन्हा बसले तेव्हा आत एकटी आशा उरली होती. ती माणसासाठी राखून ठेवली, की त्याच्यापासून कोंडून ठेवली, यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. आपण वापरतो त्या वाक्प्रचारात तर तिचा मागमूसही नाही.